स्पॅनिशमधील संकेतार्थ: क्रियापद कसे चालवावे

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात मराठी आणि कन्नड रोज बोलणाऱ्यांना पुरुष-वचनानुसार क्रियापदाचा शेवट बदलणे नवे नाही. म्हणून स्पॅनिशच्या संकेतार्थाची (‘असे झाले तर तसे होईल’ या अर्थाची) रूपे त्यांना फारशी जड जात नाहीत. खरी अडचण वाक्य जोडताना येते.

क्रियापदाचे मूळ रूप न तोडता त्याला ईआ, ईआस, ईआ, ईआमोस, ईआइस, ईआन हे प्रत्यय लावावेत. आर, एर, इर या शेवटांनुसार पडणाऱ्या क्रियापदांच्या तिन्ही गटांना हेच प्रत्यय लागतात: आब्लार (बोलणे) – आब्लारीआ, कोमेर (खाणे) – कोमेरीआ, बिबिर (राहणे) – बिबिरीआ. आघात नेहमी ‘ई’वर असतो आणि लिहिताना सहाही रूपांत त्यावर आघातचिन्ह द्यावे लागते. ‘मी’ आणि ‘तो’ यांची रूपे एकच असल्याने घोटाळा होण्यासारखा असेल तेथे यो किंवा एल हे सर्वनाम घालावे. ‘एर’ गिळला तर कोमेरीआचे कोमीआ होते, आणि तो रीतिभूतकाळ (‘मी खात असे’) आहे.

अनियमित क्रियापदे मोजकी 12 आहेत आणि त्यांचे प्रत्यय तेच राहतात, बदलते फक्त अंग. पोदेर, साबेर, आबेर, काबेर, केरेर यांतील ‘ए’ गळतो (पोद्रीआ, साब्रीआ). तेनेर, पोनेर, बेनिर, सालिर, बालेर यांत ‘द’ शिरतो (तेन्द्रीआ, बेन्द्रीआ). देसिरचे दिरीआ आणि आसेरचे आरीआ होते. भविष्यकाळालाही हीच अंगे लागत असल्याने दोन्ही एकदमच पाठ करणे सोयीचे पडते.

आता वाक्याकडे वळू. ‘वेळ असता तर मी गोकाकला गेलो असतो’ यात मराठी दोन्ही भागांत ‘असता’चा आधार घेते, म्हणून आपला विद्यार्थी सहज ‘सी (जर) तेन्द्रीआ तिएम्पो’ लिहून जातो. स्पेनच्या उत्तरेस बास्क भागात लोक बोलताना असे म्हणतातही, पण प्रमाण स्पॅनिशमध्ये ते चूक आहे. ‘सी’नंतर सबजंक्टिव्हचे (कल्पना, इच्छा, शंका दाखवणाऱ्या रूपाचे) भूतकालीन रूप येते आणि संकेतार्थ फक्त दुसऱ्या भागात: सी तुबिएरा तिएम्पो, इरीआ आ गोकाक. शिवाय हेच मराठी वाक्य आजच्या वेळेबद्दल आणि गेल्या रविवारबद्दलही चालते, तर स्पॅनिशमध्ये गेलेल्या संधीसाठी रूप बदलते: सी उबिएरा तेनिदो तिएम्पो, आब्रीआ इदो आ गोकाक. त्यामुळे भाषांतराला हात घालण्याआधी काळ ठरवून घ्यावा.

‘येईन म्हणाला’ यासाठी ‘दिखो के बेन्द्रीआ’ म्हणतात. अनोळखी माणसाला काही विचारताना पोद्रीआ वापरावे. कॉफी मागताना ‘केर्रीआ उन काफे’ म्हणावे; त्यातील दुहेरी ‘र’ नीट न घोळल्यास त्याचे रीतिभूतकाळातले केरीआ होते, पण तेही सभ्यच मानले जाते, त्यामुळे कॉफी दोन्हींनी मिळते.