कडू अँटिबायोटिक लहान मुलांना कसं द्यावं

लेक अडीच वर्षांची असताना तिला क्लॅरिथ्रोमायसिनचं सिरप लिहून दिलं होतं. पहिला डोस मी तिला घट्ट धरून चमच्याने पाजला. निम्मा फ्रॉकवर सांडला, उरलेला तिने उलटून टाकला. संध्याकाळी नुसती बाटली दिसली तरी दात घट्ट मिटून बसली. त्या जबरदस्तीचं मला आजही वाईट वाटतं.

दुसरी चूक संत्र्याच्या रसाची. या औषधाचा कडूपणा झाकायला त्याच्या कणांवर एक आवरण असतं. आंबट रसात ते सुटतं आणि औषध आणखी कडू लागतं. कण चावले तरी तेच होतं. हे सिरप फ्रिजमध्येही ठेवायचं नसतं. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड या दुसऱ्या अँटिबायोटिकचं मात्र उलट: पाणी घालून तयार केलं की ते फ्रिजमध्येच ठेवायचं आणि ७ दिवसांनंतर वापरायचं नाही. म्हणून लेबल वाचा, शंका असेल तर औषध कशात मिसळलेलं चालेल ते औषधवाल्याला विचारा.

आता मी बिनसुईची, खुणा असलेली सिरिंज वापरते. बाटली नीट हलवून डोस भरायचा. मूल ताठ बसलेलं हवं. रडत असेल तर आधी शांत होऊ द्यायचं. आडवं झोपवून किंवा नाक दाबून कधीच पाजू नका, ठसका लागतो. सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवून थोडं थोडं सोडायचं, प्रत्येक घोट गिळू द्यायचा. जिभेच्या मधोमध सोडलं की चव पसरते, थेट घशात सोडलं की उबळ येते. आधी काहीतरी गार चाटायला दिलं तर जीभ जराशी बधिर होते. नंतर लगेच तिच्या आवडीचा घास.

दुधाच्या भरल्या बाटलीत औषध घालू नका; दूध उरलं तर डोस किती गेला ते कळत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नकोच.

डॉक्टरांकडेच विचारून घ्या: दिवसातून कमी वेळा द्यायचं किंवा कमी मिलिलिटरचं औषध चालेल का? पाच मिलिलिटर आणि दहा मिलिलिटर यांत लहान मुलासाठी फार अंतर असतं. डोस लगेच उलटला तर मनानेच दुसरा देऊ नका, त्यांना फोन करा.

औषधाला खाऊ म्हणू नका, कडू आहे हे खरं सांगा. घ्यायचं की नाही, हे लेकीच्या हातात नसतं. पण कुठे बसून घ्यायचं ते ती ठरवते. आधी बाहुलीला रिकाम्या सिरिंजने पाजते, मग स्वतः आ करते.