पत्र्याचं छप्पर जोडावरच गळतं: या चुका टाळा

पावसाळ्यात पत्रा गळायला लागला की आपल्या पुण्यात कार्यक्रम ठरलेला असतो. फॅब्रिकेटरला फोन जातो, तो सिलिकॉनची ट्यूब घेऊन वर चढतो, दिसेल तिथे फासतो, आणि पुढच्या मोठ्या सरीला बादली परत त्याच जागी. अहो पण पत्र्याला बहुतेक वेळा काही झालेलंच नसतं! पाणी शिरतं ते दोन पत्र्यांच्या जोडातून नाहीतर स्क्रूच्या भोकातून, आणि आपल्या छपराचा जोड कुठल्या प्रकारचा आहे हे मालकाला सोडा, कधीकधी लावणाऱ्यालाही माहीत नसतं.

म्हणून आधी प्रकार. टेरेसवर, पार्किंगवर सगळीकडे दिसतो तो पन्हळी किंवा चौकोनी नळीचा पत्रा, त्यात एकाची कडेची नळी दुसऱ्याच्या नळीवर चढवायची आणि वरून रबरी वॉशरचे स्क्रू मारायचे. दुसरा स्नॅप लॉक, कडा एकमेकींवर दाबल्या की खटकन बसतात. तिसरा स्टँडिंग सीम, यात दोन पत्र्यांच्या उभ्या कडा एकत्र आणून मशीनने एकदा किंवा दोनदा दुमडतात, पत्रा धरून ठेवणारी क्लिप त्या घडीच्या आत लपलेली असते आणि क्लिपचा स्क्रू पर्लिनमध्ये (पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी वाशात), म्हणजे मधल्या सपाट भागाला भोकच नाही. भोसरी-चाकणकडच्या बऱ्याच मोठ्या शेडवर हा असतो.

आता माझं डोकं सगळ्यात जास्त फिरवणारी चूक, स्टँडिंग सीमच्या पत्र्याला 'मजबुतीसाठी' वरून स्क्रू मारणं. भोसरीत एका वर्कशॉपच्या शेडवर हेच झालेलं. मालकाला पावसाच्या आत शेड उभी हवी होती, घडी दुमडणारं सीमिंग मशीन वेळेवर आलं नाही, तर पोरांनी घडी पक्कड आणि हातोडीने जमेल तशी दाबली आणि ती उघडायला लागली म्हणून पत्र्यातून थेट पर्लिनपर्यंत स्क्रू ठोकले, खालीही आणि वर आढ्यापाशीही. पहिला पावसाळा निघाला, मालक खूश. मग उन्हाळा आला. लोखंडी पत्रा तापला की वाढतो, २० मीटर लांबीच्या पत्र्यात ४० अंशांचा फरक पडला तर जवळपास १ सेंटीमीटर, आणि पुण्यात पहाटेच्या आणि दुपारच्या पत्र्यात तेवढा फरक सहज पडतो. क्लिप सरकती असते ती याचसाठी, पत्रा एका टोकाला पक्का आणि बाकी मोकळा. इथे दोन्ही टोकं जखडलेली, मग रोजच्या ओढाताणीत भोकंच लांबट झाली. मी वर गेलो तेव्हा वॉशर बोटाने गोल फिरत होता आणि त्याच्या खालून गंजाचा ओघळ थेट गटरपर्यंत गेलेला. वर सिलिकॉनचे तीन थर, तिन्ही फाटलेले, कारण पत्रा हलतोच आहे ना. शेवटी कडेपासून ओळीने घड्या उघडत गेलो, खराब पत्रे काढले, नवे टाकून सगळं मशीनने परत बंद केलं. मधलाच एक पत्रा पटकन बदलू, असं या प्रकारात होत नाही.

माझी सवय सांगतो. मशीन साइटवर आल्याशिवाय मी पहिला पत्रा चढवू देत नाही, कितीही घाई असू दे. दर चार-पाच पत्र्यांनंतर टेप लावून रुंदी वर आणि खाली मोजतो, कारण पत्रे ताणले किंवा दाबले गेले की पुढची घडी नीट बसतच नाही. आणि सोलर लावायचं असेल तर सीमला, म्हणजे त्या उभ्या घडीला, पकडणारे क्लॅम्प मिळतात, ते थोडे महाग पडतात म्हणून ड्रिल घेऊन वर जाणाऱ्याला जिन्यातच अडवा.

दुसरी चूक साध्या पत्र्याची, कड उलटी घेणं. दोन्ही कडा सारख्या दिसल्या तरी एक खाली जाणारी असते आणि एक वर येणारी, आणि जोडात जी बारीक खाच असते ती सजावट नाही. दोन पत्रे अगदी चिकटून बसले की मधल्या फटीतून पाणी आपोआप वर चढतं, वळचणीचं पाणी आढ्याला म्हणतात ते खरंच होतं, आणि खाच फट मोठी करून ते चढणं तोडते. पत्रा उलटा टाकला की खाच चुकीच्या जागी. आपल्याकडे पावसाचा वारा पश्चिमेचा-नैऋत्येचा, म्हणून उतार उत्तर-दक्षिण असेल तर मी पूर्वेच्या टोकापासून पत्रे टाकत पश्चिमेकडे जातो, म्हणजे जोडाची उघडी कड वाऱ्याकडे पाठ करून राहते. पावसाचा जोर मुळशी-ताम्हिणीच्या बाजूला असतो तसा असेल तर हे पाळाच, शहरातही पाळायला काही पैसे पडत नाहीत.

बाकीच्या पटापट. स्क्रू इतका आवळू नका की रबर बाहेर पिळून येईल, आणि तिरका तर अजिबात नको. छपरावर स्क्रू नळीच्या माथ्यावर, खोलगट भागातून पाणी वाहतं. ग्राइंडरने पत्रा कापू नका, ठिणग्यांनी रंग आणि झिंक दोन्ही जळतं, कात्री किंवा निबलर (पत्रा कुरतडत कापणारं यंत्र) वापरा, ड्रिलचा चुरा त्याच दिवशी झाडून टाका. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्र्याला खातं, न्यूट्रल मागा. भिंतीच्या कडेला सिमेंट थापू नका, फ्लॅशिंग, म्हणजे जोड झाकणारी वाकवलेली पत्र्याची पट्टी, लावा. गठ्ठा भिजला तर लगेच सुटा करा, नाहीतर आतल्या आत पांढरा गंज धरतो. स्क्रूच्या पत्र्याला मीटरमागे १० सेंटीमीटरपेक्षा कमी उतार मी देत नाही. 'आठ चालेल का' विचारणारे दर वर्षी भेटतात, त्यांनी कंपनीचा कागद वाचावा आणि स्वतःच्या जबाबदारीवर चालवावं.

काम झाल्यावर पाइपने पाणी मारून बघा, पण खालच्या कडेपासून वर जात, एकेका जोडावर थांबून, आत एक माणूस टॉर्च घेऊन उभा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून वाहतं आणि शिरलं कुठून ते कळत नाही, त्यातून ते पर्लिनवरून चार हात लांब जाऊन टपकतं. पाइप धरायला ज्याने पत्रे लावले त्यालाच वर पाठवा, आणि शेवटचं पेमेंट तो खाली उतरल्यावर.