गाडी लागते? ड्रायव्हरच्या सीटवरून थोडं सांगतो

वाईहून महाबळेश्वर, तिथून आंबेनळी घाट उतरून पोलादपूर आणि पुढे हरिहरेश्वर-दिवेआगर हा माझा नेहमीचा रूट. गाडी सात सीटर. मंडळी गाडीत कशी बसतात ते बघितलं की पसरणी घाट लागायच्या आधीच मला कळतं, आज गाडी कुणासाठी थांबवावी लागणार. पुढे घरातले कर्ते गृहस्थ, मधे बायका, आणि शेवटच्या सीटवर पोरं, हातात मोबाईल. गाडी लागते ती त्या पोरांनाच. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना सहसा काही होत नाही, त्रास जास्त दोन ते बारा वयाच्यांना. मोठ्यांमध्ये बायकांना जास्त, त्यातही ज्यांना अर्धशिशी आहे किंवा दिवस गेलेत त्यांना.

तेव्हा सामान चढवायच्या आधी जागा ठरवा. ज्याला गाडी लागते तो मोठा माणूस पुढे बसेल. काकासाहेब मागे बसले तर त्यांचा मान काही कमी होत नाही. लहान मुलाला मात्र पुढे बसवू नका, समोर एअरबॅग असते. त्याला मधल्या सीटवर, पट्टा लावून, समोरची काच दिसेल असं बसवा. बुटका असेल तर बूस्टर सीट घ्या, नाहीतर त्याला दिसते फक्त पुढच्या सीटची पाठ. एसटीने जाणार असाल तर मागच्या चाकाच्या मागची सीट नको, तिथे आदळआपट फार. पुढच्या भागात खिडकीशी बसा.

हे पोटाचं दुखणं नाही. कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्यांत पाणी असतं. गाडी वळली की ते पाणी हलतं आणि मेंदूला खबर जाते की आपण वळतोय. डोळे मोबाईलवर असले तर ते सांगतात, आपण जागेवरच आहोत. दोन खबरा जुळल्या नाहीत की मळमळ सुरू. मला गाडी चालवताना कधी काही होत नाही, कारण वळण येणार हे अंगाला आधीच ठाऊक असतं. पण दुसऱ्याच्या गाडीत मागे बसलो की माझंही डोकं जड होतं.

म्हणून ड्रायव्हर करतो तेच करा. नजर रस्त्यावर, लांबच्या वळणावर ठेवा. खिडकीतून बाजूची झाडं बघू नका, ती झरझर मागे पळतात. डोकं सीटला टेकवा. वळण ज्या बाजूला असेल त्या बाजूला मान किंचित झुकवा. बहुतेक माणसांची मान उलटी, बाहेरच्या बाजूला जाते. पुढच्या वेळी माझ्यासारख्या कुणाकडे नीट बघा, आमची मान वळणाच्या आत गेलेली असते. मोबाईल, पुस्तक, नकाशा, सगळं घाट संपेपर्यंत बंद. नाहीच सहन झालं तर डोळे मिटून पडा. झोप लागली तर उत्तमच.

खाण्याचं म्हणाल तर रिकाम्या पोटीही निघू नका आणि आडवा हात मारूनही नको. सकाळी दोन इडल्या किंवा भाजी-पोळी बास. तेलकट वडे नकोत. महाबळेश्वरात काय होतं, मार्केटमध्ये स्ट्रॉबेरी क्रीमचा मोठा ग्लास, वर मक्याचं पॅटीस, आणि लगेच "चला, प्रतापगड बघून खाली उतरू". तो रस्ता म्हणजे नुसती वळणं. क्रीम खायचंच असेल तर तासभर बाजारात फिरा, मग गाडीत बसा. जेवण पोलादपूरला, घाट उतरल्यावर.

ड्रायव्हरला सांगायला लाजू नका. अर्धा त्रास आमच्या पायात असतो. वळणापर्यंत जोरात जाऊन करकचून ब्रेक मारणारा ड्रायव्हर धडधाकट माणसालाही उलटी करायला लावेल. "दादा, जरा सावकाश, मागे त्रास होतोय" एवढं पुरतं. डॅशबोर्डवर अत्तराची बाटली असेल तर काढायला सांगा. मी ठेवतच नाही. गोड वासाने मळमळ वाढते, डिझेलचा आणि सुकटीचाही तसाच. काच थोडी खाली घ्या, वारा तोंडावर येऊ द्या. पण डोकं बाहेर काढू नका, समोरून येणारी एसटी अगदी अंगाला घासून जाते.

घरगुती उपायांत आलेपाक आणि आल्याचा तुकडा यांनी काहींना बरं वाटतं. लिंबू हुंगल्याने वास तरी बदलतो. वर्तमानपत्रावर बसल्याने काही होत नाही. तो कागद नंतर दुसऱ्या कामाला येतो, म्हणून मी कुणाला काढायला सांगत नाही.

गोळी घ्यायची तर उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. निघायच्या तास-दीड तास आधी घ्या. मेडिकलमध्ये बहुतेक अॅव्होमिन देतात, म्हणजे प्रोमेथॅझिन. तिने झोप येते, त्यामुळे जो गाडी चालवणार त्याने घ्यायची नाही आणि तिच्यावर दारूही नको. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला ती द्यायचीच नाही. मोठ्या मुलांना, गरोदर बाईला किंवा दुसरी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच. घरात उलटीसाठी ऑन्डॅन्सेट्रॉन असते, ती घाटाच्या मळमळीवर फारशी चालत नाही.

बोटीचं गणित तेच. बागमांडला-वेश्वी फेरीबोट खाडीतून जाते, फार हलत नाही. खाली पाणी सावित्रीचं, वर महाबळेश्वरला उगम पावलेली तीच नदी. तरी लोक काच लावून गाडीतच बसून राहतात आणि बाहेर काय चाललंय ते दिसत नाही म्हणून कासावीस होतात. खाली उतरा, कठड्याशी उभं राहून पलीकडचा किनारा बघा. राजपुरीहून जंजिऱ्याला शिडाच्या होडीने जाताना जास्त जपा. चालती होडी बरी, पण किल्ल्याच्या दरवाज्यापाशी चढउतार होईपर्यंत ती जागच्या जागी डुलते आणि तेव्हाच लोकांना मळमळतं. त्या वेळी कॅमेऱ्यात किंवा पायाखाली बघू नका, राजपुरीच्या डोंगरावर नजर ठेवा. होडीत मधोमध बसा, टोकं जास्त वरखाली होतात. सकाळीच जा, दुपारनंतर वारा वाढतो.

तोंडात पाणी सुटायला लागलं, जांभया आल्या, कपाळावर गार घाम आला की लगेच सांगा. घाटात हवी तिथे गाडी थांबवता येत नाही, मला रुंद जागा गाठायला दोन मिनिटं लागतात. थांबलो की उतरून दहा मिनिटं चाला. उलटी झाल्यावर चूळ भरा आणि पाणी घोटघोट प्या, गटागट नको. सपाटीला येऊन काही तास झाले तरी गरगर थांबत नसेल, किंवा कानात आवाज येत असेल, तर ते गाडी लागणं नव्हे, डॉक्टरकडे जा.

पिशव्या दोन ठेवा, एकात एक घालून, आणि आधी फुंकून बघा, तळाला भोक निघतं. भरलेली पिशवी गाठ मारून पायाशी ठेवा. दरीत भिरकावू नका, आंबेनळीत वरच्या वळणावरून टाकलेलं खालच्या वळणावरच्या गाडीच्या काचेवर येतं.