शेतीशाळेसाठी निधी मागताय? या चुका टाळा

कापसाच्या पट्ट्यात फेब्रुवारी-मार्च आला की कीड व्यवस्थापनाच्या मेळाव्यांची गर्दी होते. मंडप, बॅनर, टोप्या, दुपारचं जेवण, चार भाषणं. शेतात त्या वेळी वाळलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उभी असते. गुलाबी बोंडअळी ओळखायला शिकवायचं, तर झाडावर पातं (कळी) नाही, फूल नाही, हिरवं बोंड नाही. तरी कार्यक्रम त्याच महिन्यांत होतो, कारण ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं आणि पैसा त्याआधी खर्ची पडायला हवा असतो.

शेतकरी उत्पादक कंपन्या, बचत गट आणि गावपातळीवरच्या लहान संस्था यांचे प्रस्ताव मी वाचतो, दुरुस्त करून देतो. त्यातून माझं मत पक्कं झालं आहे : पैसा मिळत नाही ही अडचण खरी, पण मिळालेला पैसा पिकाच्या वेळापत्रकाशी जुळत नाही ही त्याहून मोठी अडचण आहे. आणि ती बरीचशी आपल्या अर्जातच जन्माला येते.

एका दिवसाचा कार्यक्रम मागणं

शेतीशाळा ही पद्धत १९८९ मध्ये इंडोनेशियात भातशेतीत सुरू झाली. तिथे तपकिरी तुडतुड्यांनी भात फस्त केला होता आणि जितकी फवारणी वाढली तितके तुडतुडेही वाढले, कारण त्यांना खाणारे कोळी आणि इतर मित्रकीटक फवारणीत आधी मरत होते. १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातावर ५७ कीटकनाशकांच्या वापराला बंदी घातली. पण बंदीनंतर शेतकऱ्याने काय करायचं, हे कोणीतरी त्याच्याच बांधावर बसून समजून घ्यायला हवं होतं. मग वीस-पंचवीस शेतकऱ्यांचे गट दर आठवड्याला शेतात उतरू लागले, झाडं निवडून त्यावरच्या किडी आणि मित्रकीटक मोजू लागले, मोठ्या कागदावर चित्र काढून या आठवड्यात फवारायचं की नाही हे आपापसात ठरवू लागले.

या पद्धतीचा जीव त्या 'दर आठवड्याला' मध्ये आहे. तेच शेतकरी, तेच शेत, पेरणीपासून वेचणीपर्यंत. एका दिवसात कीड दाखवता येते. फवारणी आठ दिवस थांबवायचा धीर एका दिवसात येत नाही. शेजाऱ्याच्या शिवारात पंप चालू असताना तर नाहीच.

म्हणून अर्जात 'एकदिवसीय शिबिर, ३०० शेतकरी' असं लिहू नका. 'एक हंगाम, २५ शेतकरी, पंधरा ते अठरा वर्ग आणि शेवटी शेतीदिन' असं लिहा. आकडा लहान दिसेल म्हणून मन कचरतं, देणाऱ्यालाही तीनशेचा आकडा भावतो. त्यांना सरळ सांगा, की पंचवीस जणांच्या शेतातल्या फवारण्या आम्ही मोजून दाखवू. तीनशे जणांची फक्त हजेरी दाखवता येईल.

कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारी निधीसाठी, म्हणजे सीएसआरसाठी, हे आणखी महत्त्वाचं आहे. कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या २०१४ सालच्या परिपत्रकात स्पष्ट म्हटलं होतं, की मॅरेथॉन, पुरस्कार अशा एकवेळच्या कार्यक्रमांचा खर्च सीएसआर धरला जाणार नाही. काम प्रकल्पाच्या स्वरूपात हवं. म्हणजे मेळावा मागणारा अर्ज तिथे मुळातच लंगडा असतो, आणि हंगामाची शेतीशाळा नियमात नीट बसते.

पिकाचं पंचांग न बघता अर्ज करणं

कापसाचं उदाहरण घेऊ. पेरणी जूनच्या मध्यापासून. साधारण ४५ दिवसांनी, म्हणजे जुलैअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीला, कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे सापळे, लागायला हवेत. निरीक्षणासाठी एकरी दोन. सलग तीन रात्री एका सापळ्यात रोज आठ पतंग सापडले की आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे उपाय करणं परवडेल इतकी कीड, गाठली असं धरतात. त्याच सुमारास फुलांत डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे नीट न उमलता मिटून राहिलेली फुलं, शोधायच्या. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एकरी २० हिरवी बोंडं तोडून फोडून बघायची. दोन किडकी निघाली म्हणजे १० टक्के नुकसान, निर्णयाची वेळ. डिसेंबरअखेर कापूस संपवायचा, फरदड (हंगाम संपल्यावरही तेच पीक ठेवून घेतलेला कापूस) घ्यायची नाही, पऱ्हाटी शेतात ठेवायची नाही.

आता यावर पैशाचं वेळापत्रक ठेवून बघा. ऑगस्टमध्ये अर्ज केला तर मंजुरी दिवाळीच्या आसपास आणि पहिला हप्ता जानेवारीत, असं सहज होऊ शकतं. तोवर अळी बोंडात जाऊन बाहेरही पडलेली असते.

'आत्मा'कडून, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेकडून, शेतीशाळा हवी असेल तर पुढच्या वर्षाच्या आराखड्यात तिचं नाव आधी यायला हवं. हा आराखडा तालुक्यातून जिल्ह्याकडे जातो. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीतच तालुका तंत्रज्ञान व्यवस्थापकांना भेटा, तालुक्याच्या शेतकरी सल्लागार समितीपुढे गावाची मागणी लेखी द्या. जूनमध्ये गेलात तर तिथला माणूस कितीही भला असला तरी त्याच्या हातात आधीच ठरलेली यादी असते. नाबार्डच्या कृषी क्षेत्र प्रोत्साहन निधीसाठी जिल्हा विकास व्यवस्थापकांशी बोलणंही याच महिन्यांत सुरू करावं. कंपन्या एप्रिलनंतर नवं अंदाजपत्रक हाती घेतात. त्याआधी आपला प्रस्ताव त्यांच्या टेबलावर पोचलेला बरा.

सापळे घेतले, ल्यूर विसरले

अंदाजपत्रकातली ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. २५ शेतकरी, प्रत्येकी एक एकर, एकरी दोन सापळे : पन्नास सापळे. इथपर्यंत सगळे बरोबर लिहितात. पण सापळ्यातल्या ल्यूरचा, म्हणजे पतंगांना ओढणाऱ्या गंधाच्या गोळीचा, वास साधारण महिनाभरात उतरतो. ऑगस्ट ते डिसेंबर सापळा चालवायचा तर पहिल्या ल्यूरनंतर आणखी चारदा बदलावं लागेल, म्हणजे २०० ल्यूर वेगळे धरायला हवेत. ते धरलेले नसतात. मग सप्टेंबरमध्ये सापळा रिकामा दिसतो, शेतकरी म्हणतो पतंग नाहीत, आणि नेमकी तेव्हाच अळी बोंडात शिरत असते. निधी देऊन केलेलं शिक्षण उलट चुकीचा निर्णय शिकवून जातं.

ट्रायकोकार्डाचंही, म्हणजे किडीची अंडी खाणाऱ्या बारीक मित्रकीटकांच्या कार्डाचंही, तसंच. ती जिवंत वस्तू आहे. आणून कार्यालयात ठेवून दिली, की चार-सहा दिवसांत कीटक तिथेच बाहेर पडतात. प्रयोगशाळेशी तारखा ठरवा, वाहतुकीचा खर्च धरा, आणि कार्ड लावल्याच्या मागेपुढे त्या शेतात रासायनिक फवारणी होणार नाही हे गटात आधी कबूल करून घ्या.

आणखी एक खर्च नेहमी राहतो : प्रशिक्षकाचा. 'तज्ज्ञ व्याख्याते' म्हणून मानधन लिहिलेलं असतं, पण दर आठवड्याला गावात येणाऱ्या, गटाला बोलतं करणाऱ्या माणसाचा पगार आणि पेट्रोल कुठेच नसतं. सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे, असं ऐकून संस्था हा खर्च घाबरून वगळतात. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावरच्या खर्चाला आहे. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्यात धरत नाहीत. शेतीशाळेचा प्रशिक्षक हीच अंमलबजावणी आहे. त्याचा पगार उघडपणे मागा.

जेवण, मंडप, छापील साहित्य यांवर कात्री लावा. भिंग, मोठे कागद, स्केचपेन, नोंदवही आणि चहा एवढ्यावर वर्ग छान चालतो.

चुकीच्या नावाने अर्ज करणं

शेतकरी उत्पादक कंपनीचे संचालक मोठ्या उमेदीने सीएसआरचा अर्ज करतात आणि महिन्यांनी 'आपण पात्र नाही' असं उत्तर येतं. कारण साधं आहे. पैसे देणाऱ्या कंपनीला सीएसआरचं काम दुसऱ्या संस्थेकडून करून घ्यायचं असेल, तर ती संस्था प्रामुख्याने नोंदणीकृत विश्वस्त संस्था, सोसायटी किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची (नफा न वाटणारी) कंपनी असावी लागते. तिच्याकडे आयकर सवलतीची १२अ आणि ८०जी नोंदणी, तीन वर्षांचं काम आणि मंत्रालयाकडून मिळणारा सीएसआर-१ क्रमांक लागतो. उत्पादक कंपनी या चौकटीत बसत नाही. त्यामुळे पात्र संस्थेशी आधीच करार करा. पैसा तिच्या खात्यात येईल, शेतीशाळा तुमच्या सभासदांच्या शेतात होईल, आणि कोणती जबाबदारी कोणाची हे कागदावर असेल. कृषी विज्ञान केंद्राला तांत्रिक भागीदार म्हणून जोडलं तर देणाऱ्याचा विश्वास वाढतो आणि शिफारशीही कृषी विद्यापीठाच्या राहतात.

परदेशी देणगीचा विचार असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची, नोंदणी असलेल्या संस्थेलाच ती घेता येते, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून अशा संस्थेला तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. 'त्यांच्याकडे येऊ द्या, मग आपल्याकडे घेऊ' हा मार्ग बंद आहे.

औषध विकणाऱ्याच्या पैशाने औषध कमी करायला शिकवणं

हे मी ठामपणे सांगतो : कीड व्यवस्थापनाच्या वर्गाला कीटकनाशक कंपनीचं प्रायोजकत्व घेऊ नका. पैसा लवकर मिळतो, कागदपत्रं कमी लागतात, मोह होतो. पण सापळ्यात तीनच पतंग सापडले, फवारणीची गरज नाही, हे ज्या मंडपात सांगायचं त्याच मंडपावर एखाद्या औषधाचं नाव मोठ्या अक्षरात असेल तर शेतकऱ्याने कोणाचं ऐकायचं? शिवाय आपल्या उत्पादनाच्या प्रसिद्धीसाठी दिलेलं प्रायोजकत्व २०२१ मध्ये बदललेल्या नियमांनुसार सीएसआरमध्ये धरलं जात नाही. एखाद्या कंपनीला खरोखर मदत करायची असेल, तर तिच्याकडून फवारणीचे संरक्षक पोशाख किंवा चष्मे घ्या, तेही लेखी अटीवर : वर्गात उत्पादनाचं नाव, नमुने, प्रतिनिधीचं भाषण यांपैकी काही नाही.

पंप पाठीवर घेणारा माणूस यादीत नसणं

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. त्यात दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणारे मजूर होते. आजही बहुतेक शिबिरांच्या याद्या सातबाऱ्यावरून बनतात. ज्याचा सातबारा नाही, पण ज्याच्या फुप्फुसात औषध जातं, तो वर्गाबाहेर राहतो. बायकांचंही तेच. निंदण, वेचणी त्या करतात, किडकं बोंड सगळ्यात आधी त्यांच्या हाताला लागतं, आणि वर्गात त्या नसतात.

यांना बोलवायचं तर त्यांची दिवसाची मजुरी बुडते, हे अंदाजपत्रकात मान्य करावं लागेल. देणारा मजुरीची भरपाई मंजूर करत असेल तर ती जरूर मागा. करत नसेल तर वर्ग सकाळी कामाआधी किंवा आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवा; बऱ्याच गावांत त्या दिवशी मजूर सुट्टी घेतात. फवारणी करणाऱ्यांसाठी दोन वर्ग वेगळे धरा : वाऱ्याची दिशा, दोन औषधं एकत्र न मिसळणं, हातमोजे, अंगावर पडल्यावर काय करायचं, दवाखान्यात जाताना डब्याचं लेबल बरोबर नेणं.

मध्येच अडलं तर

मंजूर रक्कम निम्मीच आली, तर वर्गांची संख्या कमी करू नका. गावं कमी करा. दोन गावांऐवजी एकाच गावात पूर्ण हंगाम चालवा आणि तसा बदल देणाऱ्याकडून लेखी मंजूर करून घ्या.

पहिला हप्ता उशिरा येतोय आणि पाती लागली, तर वर्ग पैशासाठी अडवू नका. निरीक्षण, चित्र काढणं, चर्चा यांना जवळजवळ खर्च नाही. शेतकऱ्यांनी स्वतःच्या खर्चाने पाच-दहा सापळे लावले तर तो लोकवाटा म्हणून नोंदवा. शाळेसाठी दिलेलं शेत, समाजमंदिर, बैलगाडी यांचीही किंमत लोकवाट्यात धरायची असते. ती न लिहिणं म्हणजे गावाचं योगदान शून्य दाखवणं. मात्र मंजुरीपत्राच्या तारखेआधीची बिलं बहुधा नाकारली जातात, म्हणून मोठी खरेदी पत्र हातात आल्यावरच करा.

चौथ्या-पाचव्या वर्गाला हजेरी घसरली, तर आधी वर्ग कुठे होतोय ते बघा. समाजमंदिरात बसून चित्रफीत दाखवली जात असेल तर लोक येणार नाहीत. अर्ध्या एकरात एकात्मिक पद्धत (सापळे, मित्रकीटक आणि गरज असेल तरच फवारणी) आणि शेजारच्या अर्ध्या एकरात नेहमीची पद्धत, असे दोन तुकडे करून दर वेळी दोन्हींतल्या किडी मोजायला लावा. आपल्या गावातला तुकडा काय सांगतोय हे बघायला लोक पाऊस चुकवून येतात.

उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचा दाखला, अडतं ते मुख्यतः तीन गोष्टींवर : बिलं संस्थेच्या नावाने नसतात, मोठ्या रकमा रोखीने दिलेल्या असतात, आणि मंजूर बाबीतला पैसा विचारल्याशिवाय दुसरीकडे खर्च झालेला असतो. बिलं महिन्याच्या महिन्याला फाईलला लावा.

अहवालाचं काम मात्र पहिल्या वर्गाच्याही आधी सुरू होतं. गेल्या हंगामात प्रत्येकाने किती फवारण्या केल्या, एकरी औषधाला किती पैसे गेले, किती क्विंटल कापूस झाला, फरदड घेतली का, हे पंचवीस जणांकडून जूनमध्येच लिहून घ्या. जानेवारीत आठवणीवर विसंबून विचारलेला आकडा कोणी मानत नाही. जूनच्या या वहीशेजारी डिसेंबरची वही ठेवली, की पुढच्या हंगामाच्या प्रस्तावाचा निम्मा मजकूर तयार असतो, आणि तो नेमका अर्ज करायच्या महिन्यात.