भूत आलं की हसू का येतं, आणि ते कसं थांबवायचं

भयपटात हशा दोन प्रकारचा असतो. दचकून झाल्यावर सुटकेचा श्वास टाकताना येतो तो चांगला, तो येऊ द्यावा. दुसरा भूत पडद्यावर असतानाच येतो, आणि त्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: प्रेक्षकाला भुताच्या आतला माणूस दिसलेला असतो. पावडर न लागलेला कान, पदराची सेफ्टी पिन, दार ओढणारा दोरा. पैसे कमी असले तरी हे झाकता येतं. मात्र काय झाकायचं ते शूटिंगच्या आधी ठरवावं लागतं.

जागेच्या बाबतीत पुणेकर नशीबवान आहेत. पेठांमध्ये अजून काही वाडे उभे आहेत. सासवडही जवळ आहे. ‘तुंबाड’मधला (२०१८) वाडा तिथलाच. खऱ्या वाड्याचं दार धाडकन आपटलं तरी भिंत हलत नाही. प्लायवूडची भिंत हलते, आणि एकदा हलली की पुढच्या कुठल्याच भिंतीवर विश्वास बसत नाही. प्लायवूडशिवाय इलाज नसेल तर मागून तिरके टेकू द्या, त्यांच्या पायाशी वाळूची पोती ठेवा, दार हळू लावा आणि धाडकन आवाज नंतर घाला. दार आपोआप उघडायचं असेल तर दाराआड माणूस बसवणं सगळ्यात सोपं. तेवढी जागा नसेल तर मासेमारीचा नायलॉन दोरा दाराच्या खालच्या कोपऱ्याला बांधा. तो बाजूच्या लाइटमध्ये चमकतो, म्हणून त्यावर आधी काळा मार्कर फिरवा. बिजागरीला आदल्या दिवशी तेल सोडा, नाहीतर दार मध्येच अडखळतं आणि कोणीतरी ओढतंय हे लगेच कळतं. करकर नंतर घालता येते.

रात्रीची परवानगी आणि जनरेटर परवडत नाही म्हणून बरेच जण दुपारी शूट करून एडिटिंगमध्ये निळा रंग चढवतात. त्यात आकाश पांढरं राहतं आणि सावल्या दुपारच्याच दिसतात. दिवसाची रात्र करायचीच असेल तर सूर्य पात्राच्या पाठीमागे ठेवा, आकाश फ्रेममध्ये अजिबात घेऊ नका, व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंगछटा ठरवणारी सेटिंग) ३२०० केल्विनवर आणा आणि एक्स्पोजर दोन स्टॉप खाली, म्हणजे पाव उजेडावर ओढा. त्याहून चांगला मार्ग म्हणजे दिवसभर तालीम करून सूर्यास्तानंतरची २०-२५ मिनिटं पकडणं. तेवढ्या वेळात दोन-तीनच शॉट होतात, पण रात्र खरी वाटते. घरात शूट करताना एलईडी लुकलुकतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. सेकंदाला २५ फ्रेमवर शटर १/५० सेकंद ठेवलं की बहुतेक दिवे शांत होतात. तरीही तपकीर गल्लीतून (पुण्यातला विजेच्या सामानाचा बाजार) दहा दिवे आणण्याआधी एक आणून कॅमेऱ्यासमोर पेटवून बघा.

फॉग मशीनचा धूर फ्रेमच्या कडेने फवाऱ्यासारखा येताना दिसला की हशा ठरलेला. खिडक्या, पंखे बंद करा, धूर सोडा, पुठ्ठ्याने हलवून पसरवा, दीड-दोन मिनिटं थांबा, मगच कॅमेरा सुरू करा. मागून दिवा नसेल तर धूर दिसतच नाही, नुसतं चित्र फिकट होतं. जमिनीवर सरपटणारं धुकं हवं असेल तर ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) लागतो. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड खाली साचतो, त्यामुळे बंद खोलीत नटाला जमिनीवर झोपवून हा शॉट कधीही घेऊ नका.

रक्ताकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. नुसता लाल खायचा रंग पाण्यात घातला की सरबत दिसतं. बेकरीच्या सामानाच्या दुकानातून लिक्विड ग्लुकोज आणा. २०० ग्रॅम ग्लुकोजला तीन मोठे चमचे गरम पाणी, त्यात एक छोटा चमचा कोको पावडर गुठळ्या मोडून, दीड छोटा चमचा लाल द्रवरंग आणि निळ्याचा एकच थेंब. कोकोमुळे रक्त आरपार दिसत नाही, निळ्यामुळे केशरी झाक मरते. दोन थेंब निळा पडला तर जांभूळ होतं. चमचा तिरका केल्यावर मधाहून थोडं पातळ उतरलं पाहिजे. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) कृष्णधवल होता, म्हणून तिथे चॉकलेट सिरपवर भागलं. रंगीत कॅमेऱ्यासमोर भागत नाही. हा रंग कपड्यावरून जात नाही, तेव्हा एकसारख्या तीन साड्या हव्यात. आणि शॉट झाला की फरशी लगेच कोमट पाण्याने पुसा, दहा मिनिटांत मुंग्या येतात.

हडळीचा चेहरा पांढरा आणि मान गव्हाळ, ही चूक आजही होते. मान, कान, हात, पावलं, नखांच्या कडा, सगळीकडे एकच रंग लावा. पांढऱ्याऐवजी राखाडीकडे झुकणारा घ्या, पांढरा लाइटमध्ये फुटतो, म्हणजे नुसता चकाकता डाग दिसतो. नेलपॉलिश काढा, घड्याळाचा पट्टा उमटला असेल तर तो झाका. स्वस्त विगची कपाळावरची कड हमखास उघडी पडते. पुढच्या बटा पाण्याने आणि ग्लिसरीनने ओल्या करून तिच्यावर ओढा.

विचित्र चालीसाठी नटाला मागे मागे चालवून ती क्लिप शेवटाकडून सुरुवातीकडे उलटी दाखवतात. युक्ती चांगली आहे, पण मागे उदबत्ती पेटलेली असेल तर तिचा धूर वरून खाली येऊन काडीत शिरतो. नळाचा थेंब वर चढतो. शॉटआधी फ्रेममधली प्रत्येक हलणारी वस्तू काढा.

पुण्यातले नट बहुधा पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या तालमीत घडलेले असतात. भरत नाट्य मंदिराच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज क्लोजअपमध्ये फार मोठा होतो. त्यांना “घाबर” असं सांगू नका. वाड्याचा जिना दोनदा पळत चढायला लावा आणि लगेच टेक घ्या. श्वास खरा असला की डोळे मोठे करावे लागत नाहीत. “कोण आहे तिकडे?” हे वाक्य संहितेतून काढाच.

किंकाळी रेकॉर्ड करताना साधं बोलणं जिथे ठेवता त्याच्या बरंच खाली गेन (माइकचा आवाज उचलण्याची पातळी) आणा, नाहीतर ती फाटते आणि फाटलेली किंकाळी नंतर दुरुस्त होत नाही. भुताचा आवाज दोन-तीन सेमीटोनपेक्षा (पेटीवरच्या लागोपाठच्या पट्ट्यांइतकं अंतर) जास्त खाली उतरवू नका, तो कार्टून होतो. त्याऐवजी त्याच नटाची कुजबुज खाली दबक्या आवाजात जोडा. दचकवणारा ठोका भूत दिसतं त्याच फ्रेमवर पडू द्या. चार फ्रेम उशीर झाला तरी तो नंतर चिकटवल्यासारखा वाटतो.

कच्चा कट तयार झाला की सिनेमाबद्दल काहीच माहीत नसलेले पाच जण अंधाऱ्या खोलीत बसवा. पडद्याकडे नाही, त्यांच्याकडे बघा आणि हशाची वेळ लिहून ठेवा. भूत असताना हसले तिथे आधी भूत दिसण्याचा वेळ अर्ध्या सेकंदावर आणा, म्हणजे १२-१३ फ्रेम. तरी नाही भागलं तर भूत काढून फक्त बघणाऱ्याचा चेहरा ठेवा. दुरुस्त कट त्याच पाच जणांना दाखवू नका, भूत कुठून येतं ते त्यांना कळलेलं असतं. नवे पाच शोधा.