मुलांना लंगडी शिकवताना हात ओढू नका

मूल दोन्ही पायांनी उडी मारून गुडघे वाकवत खाली येत असेल आणि तीन आकडे मोजेपर्यंत एका पायावर उभं राहत असेल, तर लंगडीला सुरुवात करा. बहुतेकांना ती चौथ्या वर्षाच्या आसपास जमते. शेजारच्या मुलाशी तुलना करून घाई करू नका.

जागा मातीची हवी, पाय अनवाणी. सोलापूरच्या उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत, नाहीतर ऊन उतरल्यावर. शहाबादी फरशीवर चादर अंथरून उड्या मारायला लावू नका. चादर सरकते आणि मूल तोंडावर आपटतं. तीच सोलापुरी चादर घट्ट गुंडाळून मातीवर ठेवा आणि दोन्ही पायांनी ओलांडू द्या. दोन-चार दिवस एवढंच.

खरं घोडं अडतं ते एका पायाच्या पहिल्या उडीला. इथे मोठी माणसं मुलाचा एक हात धरून वर खेचतात. हे अजिबात करू नका. मूल ओढलेल्या बाजूला कलतं, पायाने जोर लावायचं शिकतच नाही. शिवाय पाच वर्षांच्या आतल्या मुलांचा हात झटक्याने ओढला, तर कोपराचं हाड जागेवरून सरकू शकतं.

मुलासमोर उकिडवे बसा. तुमचे दोन्ही तळवे त्याच्या कमरेच्या उंचीवर, आभाळाकडे. त्यावर त्याने आपले तळवे ठेवायचे आणि खाली दाबायचं. टेकलेल्या पायाचा गुडघा आधी वाकला पाहिजे. ताठ पायाने उडी निघत नाही, नुसती टाच उचलली जाते. 'वाक... उडी!' म्हणा. एकच उडी, की लगेच दोन्ही पाय खाली. सलग दोन उड्यांचा हट्ट इथे धरलात, तर दुसरीला तोल जातो आणि मूल घाबरून बसतं. एक उडी सहज यायला लागली की तळव्यांऐवजी दोन बोटं द्या, मग काहीच नको.

उचललेला पाय हाताने धरायला सांगू नका. उडीला जोर देण्यासाठी तो झुलायला मोकळा हवा. सुरुवातीला मूल तो पुढे धरतं, धरू द्या. मागे दुमडणं पुढे आपोआप येतं.

पाय आलटून पालटून, एका वेळी पाचेक मिनिटं. मूल कंटाळलं की थांबा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ३ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात १८० मिनिटं हालचाल सांगितली आहे, त्यातली ६० मिनिटं तरी दमवणारी. ती पळापळीतून भरू द्या, लंगडीतून नव्हे.

पुढे मातीत रेघा ओढून दोन, मग तीन उड्या. पकडापकडी सगळ्यात शेवटी.

पाच वर्षं पूर्ण होऊनही क्षणभर एका पायावर उभं राहता येत नसेल, मूल कायम चवड्यांवर चालत असेल किंवा येत असलेली हालचाल बंद झाली असेल, तर सराव वाढवू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.