पार्किन्सन्समध्ये डोळ्यांच्या तक्रारी गोळीच्या वेळेशी कशा ताडून पाहाव्यात

चष्म्याचा नंबर बदलूनही वाचताना ओळ सुटते, अशी तक्रार पार्किन्सन्सचे, म्हणजे कंपवाताचे, अनेक रुग्ण करतात. अशा वेळी दोष चष्म्याचा असेलच असं नाही. मेंदूत डोपामिन हे हालचालींना लागणारं रसायन कमी पडलं की हातापायांप्रमाणे नजरेच्या हालचालीही आखडतात. वाचताना नजर सलग सरकत नाही, ती शब्दाशब्दांवर उड्या मारत जाते. या आजारात ती उडी तोकडी पडते. ओळ संपवून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जायचं, तर नजर मधेच कुठेतरी उतरते आणि आणखी एक-दोन छोट्या उड्या मारून जागेवर पोहोचते. अक्षरं स्वच्छ दिसतात, तरी वाचन रखडतं ते यामुळे.

पहिलं काम नोंद ठेवण्याचं. आठवडाभर एका वहीत लेव्होडोपाच्या, म्हणजे डोपामिनची उणीव भरून काढणाऱ्या गोळीची वेळ लिहा आणि त्याखाली डोळ्यांना काय झालं, कधी झालं ते लिहा. गोळीचा असर ओसरायच्या सुमारास दोन-दोन दिसत असेल किंवा डोळ्यांची उघडझाप मंदावत असेल, तर तेवढी माहितीही न्यूरॉलॉजिस्टला डोस ठरवताना उपयोगी पडते. मात्र लेव्होडोपाने हातापायांत जितका फरक पडतो, तितका नजरेत दरवेळी पडत नाही. तेव्हा डोळ्यांसाठी म्हणून मनाने डोस वाढवू नका.

दोन-दोन दिसतं तेव्हा एक डोळा झाका. एकच दिसू लागलं, तर दोन्ही डोळ्यांचा मेळ बसत नाही असं समजा. एक डोळा झाकूनही दोन दिसत असेल, तर मोतीबिंदू, कोरडेपणा असं त्या डोळ्यातलंच कारण असू शकतं. ते नेत्रतज्ज्ञच पाहतील.

आता पेन घ्या. हात लांब करून पेनाच्या टोकाकडे बघत ते सावकाश नाकाकडे आणा. साधारणपणे ते दहा सेंटिमीटरच्या आत येईपर्यंत एकच दिसायला हवं. त्याआधीच दोन होत असेल, तर डोळे आत वळायला कमी पडतात. हे एकदा गोळीचा असर असताना आणि एकदा पुढच्या गोळीच्या जरा आधी करून बघा आणि दोन्ही अंतरं वहीत लिहा. प्रिझमचा (दोन प्रतिमा एकत्र आणणाऱ्या काचांचा) चष्मा किंवा डोळ्यांचे व्यायाम यांचा निर्णय घेताना ही नोंद हाताशी असावी.

पापण्या विसरू नका. एरवी माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी लववतो. पार्किन्सन्समध्ये हे प्रमाण बरंच खाली येतं. मग डोळे चुरचुरतात, उलट पाणीही येतं आणि नजर धूसर होते. वाचताना आठवणीने पापण्या मिटा. कृत्रिम अश्रूंचे थेंबही मिळतात.

पार्किन्सन्सवरच्या इतर औषधांचेही डोळ्यांवर परिणाम असतात. ट्रायहेक्सिफेनिडिलने बाहुल्या मोठ्या होतात आणि जवळचं अंधुक दिसतं. काचबिंदूच्या एका प्रकारात, अरुंद कोनाच्या, ते धोक्याचं ठरतं. डोळा लाल होऊन अचानक खूप दुखला आणि दिव्यांभोवती वलयं दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अमँटाडिनने क्वचित बुबुळावरचा पारदर्शक पडदा सुजतो. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या गोळ्यांनी नसलेली माणसं किंवा प्राणी दिसू शकतात. हे सांगायला अनेकांना संकोच वाटतो, म्हणून घरच्यांनीच हळुवारपणे विचारावं. यातली कोणतीही गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका, प्रकृती गंभीर होऊ शकते.

वाचताना ओळीखाली पट्टी धरली की ओळ सुटत नाही. जिन्यावर बायफोकल टाळावा, असं माझं ठाम मत आहे. खाली बघताना पायरी वाचनाच्या काचेतून धूसर दिसते आणि या आजारात तोल आधीच कच्चा असतो. वाचायचा आणि चालायचा चष्मा वेगळा ठेवा.

लक्षणांची एक जोडी दिसली, तर मात्र वाट बघत थांबू नका. आजाराच्या सुरुवातीलाच माणूस वारंवार पडत असेल आणि नजर वर-खाली, विशेषतः खाली, वळत नसेल, तर हा पार्किन्सन्स नसून प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी असू शकते. १९६४ मध्ये वेगळी ओळखली गेलेली ही व्याधी लेव्होडोपाला फारशी दाद देत नाही. न्यूरॉलॉजिस्टकडे गेल्यावर पडण्याबद्दल आणि नजरेबद्दल दोन्ही गोष्टी एकत्रच सांगा.